माझ्या पोटातल्या मार्कलिस्टा

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट हाय. मुळशीतल्या एका कॉलेजच्या हापिसात भिंतीला टेकून उभा हाय. कपाट काय बोलणार म्हणून हसू नका. तुमच्यातली निम्मी तोंड असून बोलत न्हाईत.

भोसरीच्या शेडात माझा जन्म झाला. पत्रा ठोकताना लई दुखलं, पण हिरवा रंग चढला आन् मी टेम्पोतनं ऐटीत हितं आलो. पयल्यांदा माझ्यात लेझमी आन् स्टंप ऱ्हायचे. पोरं धाडकन दार उघडायची, सगळा खळखळाट व्हायचा. "कपाट दणकट हाय हां," खेळाचे सर म्हणायचे. मजा व्हती.

मग हेडक्लार्क अण्णासाहेबांनी मला हापिसात ओढून आणला. ज्याची फी ऱ्हायली, त्याची मार्कलिस्ट माझ्यात कोंडायची आन् किल्ली करदोट्याला बांधायची. लेझमी वाजायच्या तरी. ह्या नुसत्या गप पडून. माझं पोट फुगलं, दार तिरकं झालं, बिजागरीला थेंबभर तेल कुणी घालंना.

त्यात एक मार्कलिस्ट शीतलची. डोंगरावरच्या वाडीतली पोर, बी.कॉम. झालेली. धरणाकाठच्या रिसॉर्टात हिशेबाचं काम मिळत व्हतं, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अस्सल मार्कलिस्ट दाखवली न्हाई तर जागा दुसऱ्याला. सरकारी स्कॉलरशिप आलीच न्हाई, म्हणून फी तटलेली. ती आन् तिची आई कृष्णाबाई खेटे घालून दमल्या.

"फी भर, मार्कलिस्ट ने," अण्णासाहेबांचं एकच.

"साहेब, मार्कलिस्ट दिली तर नोकरी. नोकरी लागली तर फी," शीतल बोलली.

"मग लाग नोकरीला आणि भर फी."

"कशाच्या जोरावर? तुमचा फोटो दाखवू व्हय तितं?"

मला असं हसू आलं, की डोक्यावरचा फायलींचा गठ्ठा हलला.

"फीपायी कागद अडवता येत न्हाई, नियम हाय," शीतल म्हणाली.

"नियम मला शिकवू नकोस. किल्ली माझ्याकडे आहे."

असला राग आला! पण कपाटाला हात कुटं असत्यात?

खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी विळा-कोयता पुजतो, तसं हापिसात कॉम्प्युटर, पंचिंग मशीन आन् मला पुजत्यात. प्रिन्सिपल सुलक्षणा मॅडम आल्या, पेढ्याच्या वासावर पोरं आली, मायलेकी बी आल्या. अण्णासाहेबांनी माझ्या दाराला हळदकुंकू लावलं.

"अवो, दाराला काय लावताय?" कृष्णाबाई बोलली. "सरस्वती आत बसलीया. तिला लावा की."

पोरं फिदीफिदी हसली. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. उघडा, अण्णासाहेब."

करदोट्याची किल्ली निघंना. वाकून, तिरकं होऊन त्यांनी तशीच कुलपाला लावली आन् दार ओढलं. मग काय! फुगलेलं पोट भस्सकन मोकळं झालं. मार्कलिस्टा भदाभदा खाली. वर पंखा गरगरतोय, कागद हापिसभर उडत्यात. एक दाराकडं पळाली, तशी अण्णासाहेबांनी तिच्यावर पाय दिला.

पोरांनी जिभा चावल्या.

खंडेनवमी, आन् मार्कलिस्टेवर पाय!

अण्णासाहेबांचं तोंड उतरलं. चटकन वाकले, कागद उचलला, कपाळाला लावला, पुटपुटले, "चुकलं गं आई." डोळं उघडलं तर नाव दिसलं. शीतलचं.

कृष्णाबाईनं पदर पुढं धरला. "पाया पडलात न्हवं? आता परत कोंडताय व्हय तिला?"

अण्णासाहेबांनी मॅडमकडं बघितलं.

"मुलीला द्या," मॅडम म्हणाल्या. "फी मागायला पत्र पाठवा. कागद अडवायचा नाही. आणि बाकीच्याही ज्याच्या त्याला द्या."

शीतलनं सही केली, मार्कलिस्ट पिशवीत घातली आन् पेढा न खाताच पळाली. एसटी सुटली असती.

माझं पोट आता सपाट हाय. दार सरळ लागतंय. मित्रांनो, मला नवा रंग नको, माळ नको. बिजागरीला तेल घातलंत तर बरं. पण पोरांची शिकून मिळवलेली चीज माझ्यात परत कोंडाल, तर बघा. मी दणकट हाय. पडलो तर अंगावरच पडंन.