पाणी वाजलं पाहिजे

आरोग्य केंद्रात परतल्यावर डब्यात उरलेली लसीची बाटली उचलायला टोचणीमावशीने हात घातला, तर बाटली बर्फाच्या पाकिटाला चिकटलेली.

टोचणीमावशी हे नाव वस्तीतल्या पोरांनी ठेवलेलं. बावीस वर्षं ती लसीचा डबा खांद्याला लावून त्या गल्ल्या पालथ्या घालत होती. या कामातला एक साधा नियम तिला झोपेतही पाठ होता. फ्रीजरमधली पाकिटं लगेच डब्यात घालायची नाहीत. टेबलावर मांडायची, त्यांना घाम फुटू द्यायचा, आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं, की मगच डबा भरायचा. कारण ही डांग्या खोकल्याची लस उन्हाला भिते, पण गोठण्याला त्याहून जास्त भिते. एकदा गोठून वितळली की दिसायला जशीच्या तशी, आत मात्र दम नाही. नव्याने कामाला लागलेल्या एखादीने पाकीट कानाशी धरलं नाही, तर मावशी तिला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायची.

आणि आज तिने स्वतःच पाकिटं दगडासारखी गोठलेली कोंबली होती. कशासाठी? तर शिलाईवालीसाठी.

शिलाईवालीच्या थोरल्या मुलीला लस दिल्यावर ताप भरला होता. तेव्हापासून बाईने लसीचं नाव टाकलं, आणि तिचं बघून शेजारणींनीही दारं लावून घेतली. मावशी चार महिने तिच्या उंबऱ्यावर बसली. "अगं, ताप म्हणजे वाईट नाही. लस म्हणजे चोराचा फोटो. फोटो बघून शरीर खडबडून जागं होतं, त्याची ती धावपळ. खरा चोर आला की ओळखून धरतं." शेवटी शिलाईवाली म्हणाली, "बरं, उद्या नऊला या. साडेनऊला माझं मन बदललेलं असेल." मावशी नऊला पाच कमी असतानाच दारात हजर होती. शिलाईवालीमागून आठ जणी आपापली बाळं घेऊन आल्या. एका बाटलीतून नऊ बाळं टोचली. दुसरी बाटली ही अशी, न उघडलेली; आणि पहिलीही याच पाकिटांना लागून आलेली.

"गोठलीच असेल कशावरून?" केंद्रातला कंपाउंडर म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात दुसरा डोस आहेच की. आता जाऊन सांगाल, तर पुन्हा एकही दार उघडायचं नाही. चार महिने पाण्यात!"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. पण मागच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक तान्ही मुलगी डांग्या खोकल्याने दवाखान्यात गेली होती. खोकता खोकता ती निळी पडायची. तो खोकला काही महिनाभर थांबणार नव्हता.

मावशीने त्याच खेपेतली एक चांगली बाटली फ्रीजमधून काढली आणि मुद्दाम फ्रीजरमध्ये गोठवायला ठेवली. सकाळी ती वितळवायची, संशयाच्या बाटलीबरोबर हलवायची, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. गोठून गेलेल्या लसीचा गाळ भराभर तळाला बसतो. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते.

घरी तिचं कशातच लक्ष लागेना. नवऱ्याने विचारलं, "आज मलाच टोचणार आहेस का? अशी काय बघतेस?" तिला हसू आलं नाही. संध्याकाळी फोन वाजला. शिलाईवाली होती.

"मावशी, तापलाय हो बाळ. पण तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून घाबरले नाही. होऊ दे त्याच्या अंगात धावपळ."

"अंग पुसत राहा, दूध पाजत राहा," मावशी म्हणाली. तापावरून काहीच ठरत नाही, बिघडलेल्या लसीनेही ताप येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने त्या तापाचा आधार घेतला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी तिने दोन्ही बाटल्या हलवल्या आणि खिडकीपाशी ठेवल्या. दर दोन मिनिटांनी ती उठायची, वाकून बघायची, पुन्हा बसायची. कंपाउंडर वैतागला. "पाहत राहिलं म्हणून ती चांगली होणार आहे का?" अर्धा तासही लागला नाही. दोन्हींच्या तळाशी सारखाच पांढरा थर, वर नितळ पाणी.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला. नऊच्या नऊ बाळांना पुन्हा टोचा. कसं सांगायचं, ते मात्र मावशीवर सोडलं. मावशीने पाकिटं टेबलावर मांडली, आणि घाम फुटेपर्यंत जागची हलली नाही.

शिलाईवाली मशीनवर होती. बाळ मांडीवर, ताप उतरलेला, डोळे तेवढे सुजलेले. मावशीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"म्हणजे याला ताप आला, तो फुकटच?"

"हो."

"चूक कुणाची?"

"माझी. पाणी झालंय का ते ऐकलं नाही. घाईत होते."

माझं मन बदलेल म्हणूनच ना घाई, असं शिलाईवाली म्हणाली नाही. तिच्या मनात ते आलं, हे मावशीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बाकीच्या आठ जणींना सांगितलंत?"

"नाही. आधी तुला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्या परत येईन. परवाही येईन. पण तो खोकला माझी वाट बघत थांबणार नाही गं."

शिलाईवालीने बाळाच्या मांडीवरच्या लाल ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग हात पुढे केला. "ते पाकीट द्या इकडे."

मावशीने डब्यातलं ओलं, थंड पाकीट तिच्या हातात ठेवलं. शिलाईवालीने ते कानाशी धरलं. हलवलं. पुन्हा एकदा हलवलं.

"वाजतंय," ती म्हणाली, आणि बाळाची दुसरी मांडी उघडी केली.