सतरा नंबरची झोप

डॉ. जयमाला गेली अकरा वर्षं लोकांच्या झोपेवर संशोधन करत होत्या, त्यामुळे त्यांची स्वतःची झोप जेमतेमच होई. चाकणच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये राबणाऱ्या चाळीस जणांची झोप आणि श्वास तपासायचा, हा त्यांचा सध्याचा प्रकल्प. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, असं एक छोटं यंत्र प्रत्येकाला तीन दिवस द्यायचं, झोपताना लावायला सांगायचं आणि आत साठलेली माहिती संगणकावर उतरवून घ्यायची. सोळा जणांपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. सतरावा निघाला कादर.

कादर पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला. यंत्राच्या म्हणण्यानुसार तो चोवीसातले वीस तास झोपत होता, आणि हजेरीनुसार त्याच तीन दिवसांत त्याने ओव्हरटाइमही केला होता. काही तास त्याचा श्वास तान्ह्या बाळासारखा चाले. मग सहा तास असे येत, की तासाला बावन्न वेळा श्वास बंद पडे आणि रक्तातला ऑक्सिजन अडुसष्ट टक्क्यांवर उतरे. त्यानंतर पुन्हा तान्हं बाळ.

यंत्र बिघडलंय, असं त्यांच्या मदतनिसाचं, समर्थचं मत पडलं. ते त्याच्यावरच लावून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं, समर्थही. बाई चक्रावल्या. दोन दिवस तर त्या या नव्या आजाराला नाव काय द्यावं याचाच विचार करत होत्या. पण अडुसष्टचा आकडा काही डोक्यातून जाईना. असा माणूस प्रेसवर डुलकी घेईल, नाहीतर झोपेतच जाईल.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. आधी निरोप धाडून बाई दुपारी कादरच्या खोलीवर थडकल्या. खोलीत एक कॉट होती आणि कॉटवर तिघं ओळीने बसले होते. कादर, क्रेन चालवणारा रमीज आणि फोर्कलिफ्टवरचा ज्योतीराम.

"यंत्र तुम्ही एकट्यानेच लावलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

कादर गोंधळला. "एकट्याने कसं, मॅडम? आमच्यात कॉटवरचं सामान कॉटबरोबर असतं. उशी, चार्जर, पंख्याचं तोंड. जो झोपेल त्याचं."

घरमालक मारुतराव खोली माणसाला देतच नव्हते, कॉटला देत होते. तीन शिफ्टचे तीन गडी, कॉट एक. एक उठला की दुसरा आडवा. यंत्रही इमानेइतबारे सगळ्यांनी लावलं होतं.

आजार हातचा गेला याचं बाईंना वाईट वाटलं, आणि लगेच वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं. म्हणजे तिघांतल्या एकाचा श्वास बंद पडत होता. कोणाचा? त्या आठवड्यात शिफ्टा बदलल्या होत्या, वर आपसांत अदलाबदलही झाली होती. कोण केव्हा झोपलं ते तिघांनाही धड सांगता येईना.

"मग घोरतं कोण, ते तरी सांगा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षं एका कॉटवर काढली होती, पण झोपलेलं कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. एक झोपला की दुसरा कंपनीत, तिसरा नाक्यावर. एरवी सुट्टीला कादर कासारवाडीला बहिणीकडे जाई, ज्योतीराम राजगुरुनगरला मामाकडे; आज मॅडम येणार म्हणून दोघं थांबले होते.

"हा ज्योतीराम असणार," रमीज म्हणाला. "जेवण बघा त्याचं."

"अन् तू क्रेनवर जांभया देतोस ते, भावा?" ज्योतीराम म्हणाला.

उद्यापासून तिघंही आपापल्या शिफ्टला प्रेसवर, क्रेनवर, फोर्कलिफ्टवर जाणार होते. यंत्र पुन्हा पाळीपाळीने लावायला आठवडा गेला असता. शेवटी बाई म्हणाल्या, झोपा एकेक जण, आत्ताच, माझ्यासमोर.

कादर तासभर निवांत झोपला. ज्योतीराम घोरला, पण नियमित, पंपासारखा. रमीजला आधी लाज वाटली, मग झोप लागली. पाचव्या मिनिटाला घोरणं चढलं, आणि एकदम थांबलं.

बाईंनी मोबाइलवर सेकंद मोजायला घेतले. दहा. वीस. छाती हलत होती, हवा जात नव्हती. त्यांना नोंद पुरी हवी होती. एकतिसाव्या सेकंदाला कादरने रमीजला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

"रीडिंग होतं ते," बाई नकळत बोलून गेल्या.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," कादर म्हणाला.

रमीज हबकून उठला. शिफ्टला उशीर झाला का, असं त्याने विचारलं. त्याला आजवर कोणी उठवलं असेल तर त्याचसाठी.

मोबाइल ठेवून बाईंनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. वर रमीजचं नाव घातलं. उद्या क्रेनवर जायचं नाही, सकाळी आधी दवाखान्यात माझ्याबरोबर यायचं, हे त्याला दोनदा बजावलं, आणि पहिला प्रश्न वाचला. झोपेत श्वास अडकतो असं घरच्या कोणी कधी सांगितलं आहे का?

रमीजने कॉटच्या कडेला बसलेल्या दोघांकडे पाहिलं.

"आत्ताच," तो म्हणाला. "हो लिवा."