काही मारू नका

मामांच्या शेतीऔषधांच्या दुकानात त्याची उमेदीची वर्षं गेली. पान दाखवा, बाटली न्या, असा तिथला खाक्या. तो पटेनासा झाला तेव्हा त्याने पीक सल्लागाराच्या परवान्याची परीक्षा द्यायची ठरवलं. लेखी परीक्षा पास झाला. राहिली शेतातली: खऱ्या पिकाबद्दल सल्ला द्यायचा, आणि पुढे पीक कसं राहतं ते पाहून परीक्षक निकाल देणार.

त्याच्या वाट्याला टोमॅटो आले. अजून फुलंही नव्हती, पण शेंडे आखडलेले, पानं दोरीसारखी पिळलेली. मालकीणबाई रडकुंडीला आल्या होत्या.

"रोग पसरतोय. काय मारू?"

परीक्षक मॅडम बांधावर मख्ख चेहऱ्याने उभ्या होत्या. तो गुडघे टेकून पानं उलटी करू लागला. रोग पसरवणारी पांढरी माशी औषधालाही सापडेना. विहिरीजवळच्या ओळी सगळ्यात वाईट, पुढे झाडं बरी होत गेलेली. रोग इतक्या शिस्तीत पसरत नाही.

"मागची फवारणी कुठून सुरू केली होती?"

"विहिरीकडून."

"त्याआधी पंपात काय होतं?"

बाईंनी जीभ चावली. "भाऊजींनी मक्यात तणनाशक मारलं होतं. पंप धुतला का, ते विचारायचंच राहिलं."

"मग हा रोग नाही, पंपात उरलेल्या तणनाशकाचा चटका आहे. आता काही मारू नका. पाणी वेळेवर द्या, नवे शेंडे येऊ द्या."

बोलून तर गेला, आणि संध्याकाळी दुकानात जाऊन मामांना सांगितलं. मामा कडाडले, "अरे, हात हलवत पाठवायला सल्लागार कशाला हवा?" रात्री जेवताना तो भाजीच चिवडत बसला. बायको म्हणाली, "निदान भाजीतला टोमॅटो तरी निरखू नकोस. तो बरा होणार नाही आता."

काही आठवड्यांनी पुन्हा पाहणीला तो गेला तेव्हा मॅडम ओळीत वाकल्या होत्या. जुनी पानं तशीच वाकडी, पण वर नवे शेंडे हातभर आलेले, पानं रुंद, सरळ. मालकीणबाई हसत होत्या.

"मीही हेच सांगितलं असतं," मॅडम म्हणाल्या. "परवाना मिळेल."

तो बांधावरच बसला. बायकोला फोन लावला.

"अरे बोल ना! काय झालं?"

"पानं सरळ आली गं," एवढंच म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.