बेगमची ताटली

थोरल्या जाऊबाईंना आपल्या मांजरीचा, बेगमचा, कोण अभिमान! लस वेळच्या वेळी, गादी वेगळी, ताटली वेगळी. धाकटीनं लाकडाच्या वखारीतून एक मरतुकडं पिल्लू आणून त्याचं नाव चिंधी ठेवलं, तेव्हाच थोरलीनं नाक मुरडलं होतं.

मग एका सकाळी चिंधी बेगमच्या ताटलीतलं उष्टं चाटताना सापडली, आणि संध्याकाळी बेगम शिंकायला लागली. डोळे चिकटले. झालं, थोरलीनं घर डोक्यावर घेतलं.

"उकिरड्यावरची घाण घरात आणलीस! आजच्या आज नेऊन सोड. आणि बेगमपाशी यायचं तर आधी साबणानं हात धू."

धाकटी कधी उलट बोलायची नाही. ती चिंधीला घेऊन गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

चार दिवस झाले तरी बेगमला उतार पडेना, तेव्हा थोरलीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बेगमच्या डोळ्यात बॅटरी मारली.

"इथे जुना डाग आहे. लहानपणी हिचे डोळे आले होते का?"

"आले होते," थोरली म्हणाली. महिनाभर तिनंच कापसानं पुसले होते.

"मग विषाणू तेव्हापासून हिच्यात असणार. तो शरीरातून जात नाही, नसांमध्ये झोपून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. मांजर घाबरलं, धास्तावलं की ती शक्ती कमी पडते आणि तो उठतो. एवढ्यात घरात काही गडबड?"

गेल्याच आठवड्यात भिंतींना रंग दिला होता. बेगमचे केस खराब होऊ नयेत म्हणून थोरलीनं तिला सलग तीन दिवस न्हाणीघरात कोंडलं होतं. बिचारी दार ओरबाडत होती.

"पण लस दिलीय ना!"

"म्हणून तर निभावलं. लस आजार सौम्य करते, आत बसलेल्याला हाकलत नाही. घरात दुसरं मांजर असेल तर जपा हं. हिची लाळ, हिची ताटली, त्यातून त्याला होईल."

थोरलीच्या कानशिलांना चटका बसला. ती औषध घेऊन निघाली ती मान वर न करताच.

घरी दारातच धाकटी उभी होती, कोपरापर्यंत ओले हात पुढे धरून. "ताई, दोनदा साबण लावलाय. बेगमला बघू?"

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकं निमूट ऐकणाऱ्या बाईला आपण काय काय बोललो!

"चिंधीला कुठे सोडलंस? चल, आत्ताच्या आत्ता."

वखारीत फळ्यांच्या ढिगामागून आधी शिंक ऐकू आली. दोन्ही डोळे पुवानं बंद झालेले, नाक भरलेलं. हाक ओळखून चिंधी आंधळ्यासारखी पुढे आली. थोरली गुडघ्यांवर बसली आणि तिनं शाल पसरली.

धाकटीनं घाईनं तिचा हात धरला. "ताई, तुम्ही नका हात लावू! आपल्या बेगमला आणखी काही व्हायचं."

"अगं," थोरली चिंधीला शालीत घेत म्हणाली, "बेगमनंच दिलंय हिला."