लांब बाह्या

आमच्या सासूबाईंना गल्लीत कुणी उलटून बोललेलं मी पाहिलं नाही. मी आणि माझी धाकटी जाऊ त्यांच्या माघारी त्यांना फौजदार म्हणायचो. घरात साखर नसली तरी चालेल, पण आल्यागेल्याला ते कळता कामा नये, हा त्यांचा कायदा. पाहुणा दारात आला की मी मागच्या दाराने वाटी घेऊन शेजारणीकडे पळायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या येताजाता ऐकवायच्या आणि मला दर वेळी राग यायचा, कारण ती मूठ झाकायला धावाधाव माझीच व्हायची.

धाकटीच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुया खुपसायला सोयीची व्हावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातातली शीर ऑपरेशन करून मोठी केली होती. मनगटापासून कोपरापर्यंत ती गाठीगाठींनी फुगली होती. वर बोटं ठेवली की आत काहीतरी गुणगुणतंय असं जाणवायचं. रोज सकाळी हे तपासा, थांबलं तर लगेच घेऊन या, असं नर्सने बजावलं होतं. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. तोंडात चहाचा घोट जायच्या आधी त्या सुनेचा हात मांडीवर घ्यायच्या, डोळे मिटून थांबायच्या आणि ‘चालू आहे’ म्हणून उठायच्या. इतक्या मायेने त्यांनी पोटच्या पोरांनाही कधी हात लावला नसेल.

दिराचा टेम्पो विकून झाला. माझ्या नवऱ्याचे हात पसरून झाले. सरकारी दवाखान्यात नाव घातलं होतं, पण तिथली रांग हलायचं नाव घेईना. मग कुणीतरी मास्तरांना आमच्याकडे आणलं.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. आपल्याकडून परदेशी गेलेल्या लोकांचं एक मंडळ अशा आजाऱ्यांचा खर्च उचलायचं, त्यांचं इथलं काम मास्तर बघायचे. आजारी फार आणि देणारे थोडे. म्हणून मंडळाने एक रीत पाडली होती. तिकडे वर्षातून एकदा सगळे जमायचे, जेवणानंतर पडद्यावर एकेका आजाऱ्याचा छोटा व्हिडिओ लावायचे आणि मग एकेक कुटुंब एकेक आजारी वर्षभरासाठी आपल्याकडे घ्यायचं. रिपोर्टही जायचे म्हणा, पण रिपोर्ट सगळ्यांचे सारखेच वाईट. शेवटी निवड व्हायची ती तोंड बघूनच. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण अडला हरी, बोलणार कुणाला?

मास्तरांनी जाताना दोनदा सांगितलं, व्हिडिओ काढायला येईन तेव्हा जशा असता तशाच बसा, काही वेगळं करू नका. ते गल्लीच्या टोकाला पोचले नसतील तोच सासूबाईंनी कपाट उघडलं. त्या मंडळात आमच्या मागल्या आळीतली एक मुलगी होती, लग्न होऊन तिकडे गेलेली. ती बघणार, तिच्या आईला सांगणार आणि मग सगळीकडे बोभाटा होणार.

“आपण मदत मागतोय,” सासूबाई म्हणाल्या. “भीक नाही. माझी सून भिकाऱ्यासारखी दिसता कामा नये.”

मला त्यांनी मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस शिवायला लावला, तो हात दिसू नये म्हणून. शेजारणीची सोन्याची साखळी आणली. स्वतःच्या हाताने धाकटीला पावडर लावली, ओठांना रंग लावला. मी तोंड उघडणार होते, पण धाकटी आरशापुढून हलेचना. म्हणाली, “ताई, किती दिवसांनी माणसासारखी दिसतेय मी.”

मास्तर आले आणि दारातच थबकले. वर्गाला दटावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनीही फौजदारापुढे मान तुकवली. त्यांनी मोबाइल धरला आणि विचारलं, कशा आहात? आणि आमच्या गुणी बाईने, आल्यागेल्याला देतात तेच उत्तर दिलं. “बरी आहे. तुम्ही सगळे कसे आहात?” वर गोड हसली.

मेळावा झाला. मास्तर निरोप घेऊन आले ते बसले नाहीत. धाकटीला कुणी घेतलं नव्हतं. बाई चांगली ठणठणीत दिसते, गळ्यात सोनं आहे, हिच्यापेक्षा गरजू लोक आहेत, असं तिथे बोलणं झालं होतं. साखळी तर त्याच संध्याकाळी शेजारणीकडे परत गेली होती. सासूबाई खाली बघत राहिल्या. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

तीनाचे दोन डायलिसिस झाले, दोनाचा एक. धाकटीचं तोंड सुजलं, पाय भरले, आडवं झालं की धाप लागायची. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मास्तर पुन्हा आले. मंडळाशी भांडून त्यांनी आणखी एक व्हिडिओ पाठवायची परवानगी आणली होती. या वेळी कपाट उघडलं नाही. सासूबाईंनी स्वतःच सुनेची बाही वर सारली, तो गाठाळलेला हात मोबाइलपुढे धरला आणि म्हणाल्या, “नीट घ्या.” धाकटीने मान दुसरीकडे फिरवली.

मंजुरी आली. पण बैल गेला नि झोपा केला म्हणतात ना, तशातली गत. छातीत पाणी झालं होतं, हृदय थकलं होतं. डायलिसिस पुन्हा तीनदा सुरू झाला तो तिला फार दिवस पुरला नाही. एका सकाळी सासूबाई हात मांडीवर घेऊन बसल्या त्या बसल्याच. मी चहा घेऊन उभी. ‘चालू आहे’ आलंच नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आजारपणात तिचे फोटो कोण काढतो? शेवटी मास्तरांकडच्या पहिल्या व्हिडिओतून एक काढून मोठा केला. साखळी, रंगवलेले ओठ आणि मी शिवलेल्या लांब बाह्या.

पुढे सुट्टीवर आलेलं मंडळातलं एक जोडपं भेटायला आलं. माणसं वाईट नव्हती. खोक्यातून बिस्किटं आणली होती, आवाज हळू ठेवून बोलत होती. मी चहा टाकायला गेले तर साखरेचा डबा रिकामा. सवयीने वाटी पदराआड धरली आणि मागच्या दाराकडे निघाले.

ती बाई फोटोपुढे उभी होती. “यांचा व्हिडिओ पाहिला होता आम्ही,” ती म्हणाली. “किती छान दिसत होत्या. मी तर यांना म्हटलंसुद्धा, ही माझ्यापेक्षा बरी दिसते.”

ती चांगल्या मनाने बोलली होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला तसंच वाटावं, म्हणून मीच नटवली होती तिला.”

बाईने नवऱ्याकडे पाहिलं, तो बिस्किटांच्या खोक्याकडे बघत होता. मी दारात तशीच उभी राहिले.

“आणि तू कुठे निघालीस?” सासूबाई मला म्हणाल्या. “वाटी ठेव खाली. घरात साखर नाही म्हणून सांग त्यांना.”