केळ्याचे मफिन, अंड्याशिवाय

ढब्बूनं तीन आठवड्यांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. तीही मी चारदा विचारल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती होस्टेलला परत जाणार होती, म्हणून मी म्हटलं, "बरोबर काय देऊ?" तर म्हणाली, "काही नको." मग बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "आई करायची तसे केळ्याचे मफिन जमले तर बघ. नाही जमले तरी चालेल."

ढब्बू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून हे नाव पडलं. आता एकवीस वर्षांची आहे, गालांची हाडं वर आलीत, पण नाव काही सुटलं नाही. ताई गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे. वेळेवर उठते, पांघरुणाची घडी करते, ताट समोर ठेवलं की दोन घास खाते आणि "झालं माझं" म्हणते. रडली नाही, एकदाही. मी तरी कुठे रडले म्हणा. कामावर जायचं, घरी यायचं, झोपायचं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं माझं सगळं अंगच झालं होतं.

आणि एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. आडपडदा न ठेवता सांगते. ताईला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा ढब्बूची कॉलेजची परीक्षा चालू होती. ताईनंच आम्हाला बजावलं, पेपर संपेपर्यंत पोरीला काही कळू द्यायचं नाही. डॉक्टरही म्हणाले होते, पंधरा दिवस तरी धोका नाही. दोन पेपर उरले होते त्या गुरुवारी दुपारी ढब्बूचा फोन आला. मी तो बाहेर जिन्यात जाऊन घेतला आणि म्हणाले, "ताई झोपलीय गं. उठली की लावते."

ताई टक्क जागी होती. तिचं मन बदललं होतं, सकाळपासून फोन मागत होती. मी दिला नाही. म्हटलं, आज बोलली तर हिला रडू कोसळेल, पोरगी पेपर टाकून धावत येईल, आणि मग हीच मला बोल लावेल. शुक्रवारी सकाळी ताई गेली.

ढब्बूला आजही वाटतं की आई शेवटच्या दिवशी झोपून होती. तिनं परत विचारलं नाही, मी तोंड उघडलं नाही. ती एकदा बसमध्ये बसली की हे असंच राहून जाणार होतं. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. दिवसभर तेवढंच डोक्यात होतं.

तर मफिन. कृती तिच्याकडे फोनमध्ये होती, ताईच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो. ढब्बू सोळा वर्षांची असताना व्हीगन झाली. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. आम्ही सगळे हसलो होतो, आठ दिवसांचं खूळ आहे म्हणून. ताई हसली नाही. तिनं आधी विटांसारखे मफिन केले, मग दगडांसारखे, आणि मग कधीतरी तिला ते जमले. मी पडले सत्तावीस वर्षं बेकरीत काम करणारी बाई. मी तेव्हा ताईला म्हणाले होते, "लोणी नाही, अंडं नाही, साखर नाही. याला केक कशाला म्हणतेस, औषध म्हण." ती म्हणाली, "तू गप बस."

दुपारी जेवणं झाल्यावर मी कामाला लागले. चार केळी होती, सालं काळी पडलेली, तीच लागतात. ती काट्यानं कुस्करली. बी काढलेले खजूर गरम पाण्यात भिजवून वाटले. सोयाच्या दुधात चमचाभर व्हिनेगर घातलं. जवसाची पूड पाण्यात कालवून बाजूला ठेवली, अंड्याच्या जागी ती असते, दहा मिनिटांत बुळबुळीत होते. कागदावर ताईनं लिहिलं होतं, "जवस भिजू दे, घाई करू नको." ती मलाच सांगतेय असं वाटलं. मला घाई फार. गव्हाचं पीठ, सोडा, मीठ, दालचिनी चाळून घेतलं, ओट्स मिसळले. तेल ओतलं आणि ढवळायला लागले.

ढवळता ढवळता मी पुन्हा त्या जिन्यात जाऊन पोचले. फोन कानाला, ढब्बू म्हणतेय, "मग उठली की लाव हं मावशी, मी जागीच आहे, अभ्यास करतेय." समोर भिंतीवर आग विझवायच्या यंत्राची लाल नळी. हे मला रोज दिसतं. भाजी चिरताना दिसतं, आंघोळीत दिसतं. त्याचं काही वाटतही नाही, नुसतं दिसतं.

मफिन बावीस मिनिटांत झाले. आणि काय फुगले होते! गव्हाचे असून डोकी वर काढून बसले होते. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, एवढ्या वर्षांचा हात आहे, वाया थोडाच जाईल. ढब्बूला हाक मारली. ती येऊन टेबलाशी बसली, एक मफिन उचलला, कागद सोलला आणि खायला लागली. अर्धा संपला. पूर्ण संपला. आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपर खाली केला. ढब्बू म्हणाली, "मावशी, अजून एक घेऊ?"

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा काहीतरी पुन्हा मागत होती. मी म्हटलं, "घे की, विचारतेस काय." आणि भांडी विसळायला वळले.

सिंकमध्ये अंड्याची टरफलं होती.

एकात एक घातलेली चार अर्धुकं. ही बेकरीतली पद्धत. उजव्या हातानं ढवळत राहायचं, डाव्या हातानं अंडं फोडायचं आणि टरफल आधीच्या टरफलात बसवायचं, म्हणजे शेवटी चळत मोजली की किती घातली ते कळतं. दिवसाला तीनशे अंडी फोडते मी, बघावं लागत नाही. आमच्या ह्यांना सकाळी उकडून लागतात त्या अंड्यांचा ट्रे ओट्याच्या कोपऱ्यावर असतो, डाव्या हाताला. मी जिन्यात उभी असताना हातानं आपलं काम उरकून टाकलं होतं. चार अर्धुकं म्हणजे दोन अंडी.

हे ग्लास ठेवायला आले आणि त्यांनी पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. नळ सोडला आणि त्याच्या आवाजात हळूच म्हणाले, "राहू दे. तिला काय कळतंय. पोरगी पोटभर खातेय, खाऊ दे."

बोलले ते तिच्या भल्याचंच. मीही तिच्या भल्याचंच बोलले होते, गुरुवारी. मला एकदम राग आला, ह्यांचा नाही, स्वतःचा. हात ओले तसेच घेऊन मी टेबलाशी गेले.

"ढब्बू, खाऊ नकोस. त्यात अंडी पडलीत."

तिनं चावणं थांबवलं.

"मुद्दाम नाही गं. लक्ष नव्हतं, सवयीनं फोडली. आत्ता टरफलं दिसली मला."

"किती?"

"दोन."

तिनं तोंडातला घास कागदात काढला. दुसऱ्या मफिनचा उरलेला तुकडा त्यावर ठेवला. सावकाश पुडी केली. मला वाटलं उठून जाईल, ओकेल, काहीतरी बोलेल. ती पुडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंस?"

हे दारात उभे होते, मानेनं नको नको करत होते. त्यांना कळलं होतं गाडी कुठे चाललीय ते.

ढब्बूनं मान वर केली. तीन आठवड्यांत तिनं माझ्याकडे सरळ बघितलंच नव्हतं, तेही मला आत्ता कळलं. तिनं विचारलं, "त्या दिवशी आई खरंच झोपली होती?"

"नाही."

"शुद्धीत नव्हती?"

"चांगली शुद्धीत होती. तुझ्याशी बोलायचं म्हणत होती. मी फोन दिला नाही."

"किती वेळा मागितला?"

कधीतरी हे विचारेल असं मला वाटलं होतं, पण आकडा विचारेल असं वाटलं नव्हतं. मी मोजलेलं होतं. "चार वेळा," मी म्हटलं. "शेवटी मागितला तेव्हा तुझा फोन माझ्या हातातच वाजत होता. मी तो घेऊन बाहेर गेले."

हे म्हणाले, "अगं, तिनं तुझ्या परीक्षेसाठी..." आणि ढब्बू म्हणाली, "काका, तुम्ही बोलू नका." मग मला म्हणाली, "तू जा इथून."

स्वयंपाकघर माझं, घर माझं. मी गेले. ह्यांनाही दंडाला धरून बाहेर घेतलं आणि दार लोटलं.

आत खुर्ची सरकली, आणि मग ती रडायला लागली. आईला हाका मारत, लहान पोरं रडतात तशी. हे आत जायला निघाले, मी त्यांचा सदरा ओढून धरला. "ती काय करून घेईल गं," ते म्हणाले. "रडेल," मी म्हटलं, "तेवढं करू द्या."

मी दाराला पाठ लावून खाली बसले. पलीकडे ती आईला सांगत होती, "मी जागी होते गं, मी जागीच होते." बराच वेळ तेच म्हणत होती. मला आत बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर इथेच बसायचं, एवढं मी ठरवलं.

तिनं बोलावलं नाही.