धाकटीच्या हातचं पाणी

धाकटीनं कापडाची कात्री कागदाला लावली, एवढंच झालं होतं. पण थोरली पडली शिवणकाम करणारी. कागदानं कात्रीची धार जाते, तेव्हा तिच्या लेखी हे पापच. "तुझ्या हातचं पाणीसुद्धा घशाखाली उतरवणार नाही," असं ती धाकट्या जावेला पाहुण्यांसमोर सुनावून बसली आणि तीन वर्षं शब्द पाळत राहिली. घर एक, स्वयंपाकघर एक, पाण्याची भांडी मात्र दोन.

आता तिच्या उजव्या बुबुळावर कुणा अनोळखी माणसानं जाताना नेत्रदानात देऊन ठेवलेला पारदर्शक पडदा शिवला होता. टाके इतके बारीक की आपल्याला जमले नसते, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं. वाकायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही आणि दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. नवरा आणि दीर दिवसभर कामावर, तेव्हा थेंब घालायला धाकटीच. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात गाढव कोण, याबद्दल थोरलीचं मत ठाम होतं.

बाटल्या दोन. पहिल्या थेंबानंतर पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. तेवढा वेळ धाकटी घड्याळ घेऊन उशाशी बसे. थोरलीला उठता येत नसे, कूस बदलता येत नसे आणि बोलणं तर तिनंच बंद केलेलं. दिवसातून चार-पाच वेळा ती अशी कोंडली जाई.

नवव्या दिवशी दुपारी खिडकीचे गज तिला पुसट दिसले. सकाळी ते मोजता येत होते. "धूसर वाटलं तर लगेच या, उशीर झाला तर पडदा हातचा जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी नवऱ्याला सांगू, असं तिनं ठरवलं.

बाटली हलवल्याचा आवाज आला. "वर बघा," धाकटी म्हणाली. रोज बोलायची ते एवढंच. तिचा चेहराही धुक्यात होता. वरून डोळा बरा दिसत असावा, कारण ती पुढे काही बोलली नाही. थेंब पडला आणि पाच मिनिटं सुरू झाली.

थोरली घाबरली. डोळा जाईल म्हणून घाबरली आणि तरी तोंड उघडेना म्हणून जास्तच. नवरा यायला अजून चार तास होते. तेवढ्यात डोळ्यातला थेंब नाकामागून घशात उतरला, रोजच्यासारखाच कडूजहर. तिनं तो गिळला आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. धाकटीच्या हातचं पाणी नऊ दिवस घशाखाली उतरतच होतं.

"अगं," ती म्हणाली, "घसा कडू झालाय, पाणी दे. आणि मला धूसर दिसतंय."

"कधीपासून?"

"तासभर झाला."

"आणि आत्ता सांगताय?" धाकटी उठली, चपला घेऊन आली. "वाकू नका," म्हणत तिनं खाली बसून थोरलीचे पाय धरले आणि चपला चढवल्या. "पाणी गाडीत प्या. माझ्याच बाटलीतलं आहे, चालेल ना?"

"चालेल," थोरली तिचा दंड घट्ट धरत म्हणाली. "कात्रीचं मात्र मी विसरलेले नाही."